भावोजींचा नकार

माझ्या भावोजींना बाजारात सगळे भोंगा म्हणायचे. फुलांच्या घाऊक बाजारात ते लिलाव पुकारायचे. ओल्या फरशीवर बादल्यांच्या रांगा, बादल्यांत गुलाब, लिली, कार्नेशन, समोर हात वर करून उभे असलेले व्यापारी, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारा भावोजींचा आवाज. त्यांना माइक दिला होता, पण तो त्यांनी कधी चालू केला नाही. ज्यांना आवाज नाही त्यांच्यासाठी असतो तो, म्हणायचे. घरी ताई हैराण. "ह्यांनी माझ्या कानात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई मला विचारते," असं ती सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा मात्र फुललेला असायचा.

मी ताईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टपाल कचेरीत नोकरी केली, आणि ताईच्याच इमारतीत एक मजला वर राहते. मेहुणीची थट्टा करायचा हक्क भावोजींनी आयुष्यभर वसूल केला. मला पटकन उत्तर सुचत नाही, तर ते म्हणायचे, "पोस्टातलं माणूस. आज बोललेलं परवा पोचतं." मीही काही कमी नव्हते, पण माझं उत्तर खरोखरच परवा पोचायचं.

एका सकाळी ऐन लिलावात त्यांच्या तोंडून भलतेच शब्द यायला लागले. गुलाबांच्या बादलीला ते खिडकी म्हणाले. लिलीला बहुतेक चप्पल. व्यापारी हसायला लागले, भोंगा आज रंगात आलाय म्हणून. मग त्यांच्या उजव्या हातातली हातोडी खाली पडली आणि पाठोपाठ ते स्वतः कलंडले, तेव्हा हसू थांबलं.

मेंदूतला झटका होता. वाचले, हीच मोठी गोष्ट. पाय लवकर सुधारला, हात थोडाफार. वाचा मात्र गेली. म्हणजे सगळी गेली असंही नाही. एक शब्द तेवढा मागे राहिला, तो म्हणजे "हो".

इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आम्ही त्यांना स्पीचबाई म्हणायचो. त्यांनी ताईला आणि मला समोर बसवून सांगितलं, "त्यांना सगळं कळतंय. विचारही पूर्वीसारखाच चालतो. पण हवा तो शब्द त्यांना सापडत नाही, आणि जो सापडतो तो त्यांना हवा असतोच असं नाही. त्यामुळे त्यांच्या 'हो'वर जाऊ नका."

आम्ही मान डोलावली. पण ऐकणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. पाणी गरम हवं का? हो. मग गार हवं का? हो. सुरुवातीला ताई चिडायची, मग हसायची, मग तिने चेहरा वाचायला सुरुवात केली. भुवया वर गेल्या तर खरं हो, ओठ दुमडले तर उलटं. आठातल्या सहा वेळा बरोबर यायचं.

जखम झाली ती बाजारातल्या लोकांमुळे. भेटायला यायचे, फुलं घेऊन यायचे, मनाने वाईट नव्हते. पण एक जण भावोजींशी बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोलायचा. दुसरा त्यांचा गाल थोपटायचा. आणि ज्याच्याशी भावोजींनी अर्धं आयुष्य थट्टामस्करी केली, तो जुना व्यापारी त्यांच्या डोक्यावरून ताईला म्हणाला, "आता काही कळत नसेल ना त्यांना?" भावोजी खाली बघत राहिले. तो माणूस गेल्यावर ताईने त्याच्या चहाचा कप असा घासला की कान तुटून तिच्या हातात आला.

त्याच सुमारास एक मुलगी आली. वाचा गेलेल्या माणसांवर माहितीपट करत होती आणि स्पीचबाईंच्या वर्गात बसू द्या म्हणून मागे लागली होती. तिच्या आजोबांची वाचा अशीच गेली होती, आणि घरच्यांनी त्यांना वेड लागलंय असं समजून मागच्या खोलीत ठेवलं होतं. हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, डोळ्यांत पाणीबिणी न आणता. तिच्याबरोबर एक कॅमेरावाला असायचा. दारातून वाकून यावं लागायचं इतका ताडमाड, आणि बोलायचा भावोजींपेक्षाही कमी. मुलगी भावोजींना काका म्हणायची, ताईला काकू, मला मावशी.

"काका, तुमच्यावर फिल्म केली तर चालेल?" तिने विचारलं.

"हो," भावोजी म्हणाले. "हो, हो."

त्यांनी डाव्या हाताने कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढली. खाली ताईने सही केली. ताई तर एका पायावर तयार होती. तिला वाटलं, आता बघतील सगळे. बाजारातले बघतील, तो गाल थोपटणारा बघेल, की हा माणूस आत शाबूत आहे.

मग ती दोघं येत राहिली, इस्पितळात आणि घरी. मुलगी चांगली होती. आपला कप आपण विसळायची, ताईच्या गुडघ्याची चौकशी करायची, आणि भावोजी बोलायला धडपडत असताना त्यांचं वाक्य पुरं करायची घाई करायची नाही. मला ती आवडली याचं कारण तेच. मला स्वतःला तेवढा धीर नव्हता.

वर्गात एक दिवस स्पीचबाईंनी चित्रांचे पत्ते मांडले आणि भावोजींसमोर गुलाबाचं चित्र धरलं. ते बघत राहिले. ओठ हलले, घसा हलला. ज्या माणसाने जन्मभर गुलाब पुकारले त्याला तो एक शब्द येईना. शेवटी त्यांनी पत्ता उलटा केला, तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. कॅमेरा चालूच होता.

दुसरा प्रसंग घरचा. दुपारची वेळ. भावोजी खुर्चीत, कॅमेरावाला भिंतीला टेकून, मुलगी जमिनीवर. भावोजींना काहीतरी हवं होतं. ताईने विचारलं, चष्मा? हो. पाणी? हो. पंखा लावू? हो. तिने चष्मा आणला, पाणी आणलं, पंखा लावला. त्यांनी चष्मा बाजूला सारला. तिने औषधाची डबी आणली, शाल आणली. त्यांनी हात झटकला तो पेल्याला लागला, आणि पेला फुटला. ताईचा तोल गेला. "एकदा सांगा ना काय हवंय," ती ओरडली. "एकदाच. मी माणूस आहे, मला नाही येत मनातलं ओळखता." स्वयंपाकघरात जाऊन ती मोरीजवळ जमिनीवर बसली आणि हातांत तोंड धरून हुंदके देत राहिली. कॅमेरावाला नकळत दोन पावलं तिच्यामागे गेला होता.

इकडे भावोजी उठले. त्यांनी एका हाताने कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं आणि कॅमेरावाल्यापाशी ठेवलं. तो बिचारा केव्हाचा उभा होता. त्याला बसायला द्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मुलीने संध्याकाळी ताईला विचारलं, "काकू, दुपारचं ते... तुम्हाला नको असेल तर मी पुसून टाकते."

"राहू दे," ताई म्हणाली. "खरं आहे ते. घरी काय असतं ते लोकांना कळू दे."

असे बरेच महिने गेले. मग एका सकाळी मुलगी आली, रोजच्यासारखं भावोजींसमोर बसली आणि म्हणाली, "काका, आज करू ना शूटिंग?"

"हो."

ताई आतून कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "त्यांना काय विचारतेस, पोरी? शूटिंग नको ना असं विचार, तरी हो म्हणतील."

मुलगी हसली. मग गमतीगमतीत तिने विचारलं, "काका, आज शूटिंग नको ना?"

"हो," भावोजी म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

तिचं हसू तिथल्या तिथे विरलं. तिने कॅमेरावाल्याकडे बघून हात खाली केला. त्याने कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला. मग ती ताईला म्हणाली, "काकू, पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हाही हे हो म्हणाले होते."

"मग?"

"मग ते काय म्हणाले होते, ते मला माहीतच नाही."

"अगं, मी सही केलीय ना," ताई म्हणाली. "त्यांची बायको आहे मी."

"तुमची सही तुमच्यापुरती आहे, काकू. फिल्म त्यांच्यावर आहे."

ताई दुखावली. संसार मी केला, आंघोळ मी घालते, आणि कालची पोर मला सांगणार, असं तिने मला नंतर दहा वेळा ऐकवलं. मीही तिच्या बाजूने मान डोलावली, कारण बहीण आहे. पण मनातून मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. तिचं इतक्या दिवसांचं काम ज्या शब्दावर उभं होतं, तो शब्दच तिने हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, आणि तो पोकळ निघाल्यावर खाली ठेवला. तिला कोणी हटकलं नव्हतं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

शूटिंग थांबलं. तिच्या निर्मात्यांचा फोन आला तेव्हा ती आमच्या गॅलरीत उभी होती आणि मी दोरीवरचे कपडे काढत होते. पलीकडून काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही, पण तिचं ऐकू आलं. "हो सर, सही आहे. पण ती डाव्या हाताची रेघ आहे, आणि ती ओढताना त्यांना काय समजलं होतं ते मी कधी तपासलंच नाही." मग थोड्या वेळाने, "कायद्याचं नाही विचारत मी." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ते नको म्हणाले तर फिल्म होणार नाही. मला माहीत आहे." फोन ठेवल्यावर तिने माझ्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून घडी घातली.

वाट काढली ती स्पीचबाईंनी. त्यांनी दोन पत्ते बनवले. एकावर नुसता कॅमेरा, दुसऱ्यावर कॅमेरा आणि त्यावर लाल फुली. "तोंडाने नाही, हाताने सांगायचं," त्या भावोजींना म्हणाल्या. "आणि मी एकदा विचारून सोडणार नाही. उलटंही विचारणार. आज विचारणार, पुढच्या आठवड्यात परत विचारणार. उत्तर बदललं तरी चालेल."

भावोजींनी पत्ते हातात घेऊन नीट पाहिले. मग त्यांनी ताईकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी झटका आल्यापासून पाहिलं नव्हतं. बाजारात चौथऱ्यावर चढताना ते जसे खांदे मागे घ्यायचे, तसे त्यांनी खांदे मागे घेतले. कोणीतरी त्यांना खरोखरच विचारत होतं. त्यांच्या उत्तरावर काहीतरी ठरणार होतं.

स्पीचबाईंनी सुलट विचारलं, उलट विचारलं, पत्ते अदलाबदल करून विचारलं. भावोजींनी दर वेळी नुसता कॅमेरा असलेला पत्ता उचलला. पुढच्या आठवड्यातही तोच. तिसऱ्यांदा विचारल्यावर वैतागून त्यांनी पत्ता टेबलावर आपटला, आणि स्पीचबाई हसून म्हणाल्या, "बरं बरं, सौदा पक्का."

ताई विजयी मुद्रेने म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

पण मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. ती म्हणाली, "काका, ही पुढची परवानगी झाली. आधीचं जे काढलंय ते मी परवानगीशिवाय काढलंय असंच धरते. ते सगळं तुम्ही बघा. जे नको ते जाईल."

आमच्या पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवला. भावोजी मध्ये, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मुलगी, मागे स्पीचबाई आणि मी. एकेक प्रसंग दाखवायचा, थांबायचं, आणि भावोजींनी पत्ता ठेवायचा. पायांचा व्यायाम, ठेवा. जिना चढताना धाप लागली ते, ठेवा. शर्टाची बटणं खालीवर लावली होती, ते बघून ते खुदकन हसले, ठेवा. न्हाव्याकडे तोंडातून लाळ गळत होती, ते त्यांनी दोनदा पाहिलं आणि फुली ठेवली. मुलीने तिथल्या तिथे तो भाग पुसून टाकला आणि पुसल्याचं त्यांना दाखवलं.

मग गुलाबाचा पत्ता आला. त्यांचं तोंड फिरवणं आलं, हलणारे खांदे आले. मला तर मान वर करवेना. मुलगी हळूच म्हणाली, "काका, हे गेलं तरी फिल्मचं काही बिघडत नाही."

भावोजींनी पडद्यावरच्या स्वतःकडे शांतपणे पाहिलं, आणि नुसत्या कॅमेऱ्याचा पत्ता उचलून ठेवला. स्पीचबाईंनी उलटं विचारलं. त्यांनी तोच पत्ता बोटाने दाबून धरला. रडलो तर रडलो, माझं आहे, असं काहीसं त्या बोटात होतं.

शेवटी दुपारचा प्रसंग लागला. फुटलेला पेला, ताईचं ओरडणं, मोरीजवळ बसलेली ताई. हे शेवटचं भावोजींनी कधी पाहिलंच नव्हतं. ते तेव्हा बाहेरच्या खोलीत स्टूल ओढत होते. हुंदके त्यांनी ऐकले होते, पण जमिनीवर पाय दुमडून बसलेली, केस सुटलेली आपली बायको त्यांना दिसली नव्हती. त्यांनी लाल फुली उचलली आणि थेट पडद्यावर, ताईच्या चेहऱ्यावर धरली.

"अहो, ते माझं आहे," ताई म्हणाली. "मी राहू दे म्हटलंय."

फुली हलली नाही.

"ही पोर म्हणते ना, आपापल्यापुरती सही. मग हे माझ्यापुरतं. तुम्ही तुमचं रडणं ठेवलंत, मी माझं ठेवते."

भावोजींनी फुली आणखी घट्ट दाबली. "हो," ते म्हणाले. स्वतःवरच चिडून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "हो. हो."

"बघ, हो म्हणतायत," ताई मला म्हणाली. तिला कळत होतं, पण वादात ती असंच करते, लहानपणापासून. "लोकांना कळायला नको का, या घरात मी काय सोसते ते? फक्त तुमचंच कौतुक व्हायला हवं का?"

भावोजी लाल झाले. त्यांनी टेबलाची कड धरली. ओठ एकमेकांवर दाबले गेले, सुटले, पुन्हा दाबले गेले. स्पीचबाई पुढे वाकल्या आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना हाताने गप्प केलं. त्यांच्या घशातून आधी नुसतीच हवा आली. मग एक घरघर. आणि मग, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात, "नाही."

"नाही," ते पुन्हा म्हणाले. मग ताईच्या गालाला हात लावून, हळू, "नाही."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती हसतही होती. "इतक्या महिन्यांनी पहिला नवा शब्द आला," ती म्हणाली, "आणि तोही माझ्याविरुद्ध."

स्पीचबाईंनी चष्मा काढून पुसला. हा शब्द काढायला त्या आठवडेच्या आठवडे झटल्या होत्या. मी माझ्या परीने काहीतरी बोलायला गेले, आणि नेहमीप्रमाणे मला काही सुचलं नाही.

पण ताई ताईच. डोळे पुसून ती म्हणाली, "ठीक आहे. माझं तोंड नको दिसायला. पण मी ओरडले ते खरं आहे. तो आवाज मला हवा. त्याला तुमची ना आहे का?"

भावोजींनी विचार केला. मुलीने सांगितलं की कॅमेरावाल्याने त्या हुंदक्यांमध्येच कॅमेरा मागे वळवला होता, आणि त्यात भावोजी दिसतात, स्टूल ओढताना, थांबून स्वयंपाकघराकडे बघताना. तिने ते लावलं. एका हाताने स्टूल ओढणारा माणूस, आतून येणारं बायकोचं रडणं, त्याचं थबकणं, आणि मग पुन्हा ओढणं. आतल्या बाईचा चेहरा कुठेच नाही. भावोजींनी ते पाहिलं, ताईने पाहिलं. दोघांनी मिळून नुसत्या कॅमेऱ्याचा एकच पत्ता ठेवला. तिचा हात खाली, त्यांचा वर.

निर्मात्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते मोरीजवळ बसलेली ताई हाच फिल्मचा जीव होता. तो नसेल तर वाहिनीवर वेळ मिळणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. मुलीने तसंच साफ उत्तर दिलं की तो भाग आता कुठेच नाही, तिने पुसून टाकलाय. त्यांनी हात काढून घेतला. ती आमच्याकडे येऊन हे सांगून गेली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी तिला वर माझ्या घरी नेलं, चहा दिला, आणि एकदाचं मला वेळेवर बोलायला सुचलं. म्हटलं, "माझी मुलगी असती तर ती तुझ्यासारखी असावी असं मला वाटलं असतं." तिने चहा संपवला. मग उठून तिने कप विसळला.

पुढचं काम स्पीचबाईंच्या संस्थेने उचललं. फिल्म उशिरा झाली, मूळ ठरली होती त्याहून लहान झाली. वर्गातल्या इतर माणसांनाही तिने पत्ते देऊन पुन्हा विचारलं. एका आजींनी सगळ्यालाच फुली दिली, आणि त्या फिल्ममधून पूर्ण गेल्या. भावोजींचा नकार मात्र फिल्ममध्ये आला. त्या दिवशी तिने कोपऱ्यात छोटा कॅमेरा लावला होता, आधी पत्त्यावर विचारून. तेव्हा ताईने केस विंचरून घेतले होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पहिला खेळ कुठे करायचा हे भावोजींनीच ठरवलं. मुलीने तीन जागांचे फोटो पुढे ठेवले. इस्पितळाचं सभागृह, ग्रंथालय, आणि फुलबाजारातला लिलावाचा हॉल. त्यांनी हॉलवर बोट ठेवलं. ताई घाबरली. झटक्यानंतर ते तिथे पाय ठेवायलाही गेले नव्हते.

खेळाच्या दिवशी लिलाव संपल्यावर फरशी धुतली, बादल्या भिंतीकडे सरकवल्या आणि खुर्च्या मांडल्या. व्यापारी आले, हमाल आले, फुलांच्या जुड्या बांधणाऱ्या बायका आल्या. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. आपली बटणं त्यांनी स्वतःच लावली होती, आणि बरोबर लावली होती.

फिल्म चालू असताना मी पडद्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त पाहिलं. बटणांवर लोक हसले. गुलाबाच्या पत्त्यावर हॉल असा शांत झाला की नळाचं टपटपणं ऐकू आलं. स्टूल ओढणारे भावोजी दिसले, आतून ताईचा आवाज आला, तेव्हा माझ्या शेजारची जुड्या बांधणारी बाई पुटपुटली, "माझ्याही घरी असंच." आणि जेव्हा पडद्यावरचे भावोजी "नाही" म्हणाले तेव्हा मागून कोणीतरी आधी एकट्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. भावोजी मागे वळले नाहीत, पण त्यांची मान ताठ झाली. ताईने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

नंतर तो जुना व्यापारी पुढे आला. अवघडलेला होता. सवयीने तो ताईकडे वळला आणि म्हणाला, "आता कसे आहेत? पुन्हा येतील का इकडे?"

"मला काय विचारता?" ताई म्हणाली. "ते समोर बसलेत."

व्यापारी भावोजींसमोर खुर्ची ओढून बसला. त्यांच्या डोळ्यांत बघून त्याने तेच विचारलं, आणि मग मुख्य म्हणजे थांबला. भावोजींना वेळ लागला. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, चौथऱ्याकडे पाहिलं, त्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवला. एक शब्द अर्धा येऊन परत गेला. व्यापाऱ्याने तो पुरा करायची घाई केली नाही. भावोजींनी खिशातून स्पीचबाईंचे चित्रांचे पत्ते काढले आणि मांडीवर एकेक मांडायला घेतले.

कॅमेरावाला दारापाशी उभा होता, हात रिकामे. मुलगी वायरी गुंडाळत होती. माणसं एकेक करून भावोजी आणि त्या व्यापाऱ्याभोवती गोळा होत होती, पण कोणी मध्ये बोलत नव्हतं. बाहेर आमची टॅक्सी येऊन थांबली होती आणि चालक हॉर्न वाजवत होता. मी बाहेर गेले, खिडकीत वाकले आणि त्याला म्हटलं, "दादा, जरा दम धरा. आमच्या माणसाचं बोलणं चाललंय."